कोल्हापूर–कोकण रेल्वे, व्हाया आमची गॅलरी

१२ नोव्हेंबर, सकाळी
पेपरात पुन्हा तेच. कोल्हापूरहून घाट उतरून कोकणात जाणारी रेल्वे. पुन्हा सर्वेक्षण, पुन्हा कुणीतरी आशावादी. मी पिनाफोर घालून कॉन्व्हेंटात जायचे तेव्हापासून ऐकतेय. मी शिकले, टेलिफोन खात्यात लागले, सुपरवायझर झाले, रिटायर झाले. लाईन जिथल्या तिथे.
हंबीरराव म्हणाले, वाचून चहा गार करू नकोस, तुझ्यानं काय रूळ पडणार हायत?
नवऱ्यानं असं बोलल्यावर दुसरा पर्याय उरत नाही. ही रेल्वे मी बांधणार. घरात.

१२ नोव्हेंबर, दुपारी
जागा ठरली. मागची छोटी खोली, आठ बाय नऊ. दाराकडची बाजू कोल्हापूर, कपाटाकडची कोकण. मध्ये हंबीररावांची कॉट. किरकोळ अडथळा.

१५ नोव्हेंबर
मॉडेल रेल्वे लहान मापात मिळते. दुकानदारानं दाखवलेलं इंजिन थर्मामीटरएवढं होतं. त्याला स्पष्ट सांगितलं, ही गाडी शोधायला मला दुर्बीण लागेल. तो म्हणाला, मॅडम, जागा कमी असली की सगळे हेच नेतात. सगळे नेतात म्हणून मी आयुष्यात काही नेलेलं नाही. सर्वांत मोठ्या मापाची ऑनलाईन मागवली. पॅसेंजरचे चार डबे, मालाच्या उघड्या वाघिणी दोन. वाघिणी सेटमध्ये फुकट होत्या, मला नको होत्या.

२४ नोव्हेंबर
खोकं आलं. इंजिन हातभर लांब, काळं, देखणं. डबे त्याहून लांब. कपाट, कॉट आणि रेल्वे एका खोलीत मावणार नाहीत हे कुणालाही दिसेल. हंबीररावांना रीतसर लेखी नोटीस दिली. आठ दिवसांत कॉट हलवावी. माणूस पाटबंधारे खात्यात होता. धरणासाठी गावंच्या गावं उठवायच्या नोटिसा याच हातानं वाटल्या. स्वतःची घेताना चष्मा शोधत बसले.

२५ नोव्हेंबर
सकाळी उठून बघते तर छोट्या खोलीच्या दारात सतरंजी अंथरून हंबीरराव बसलेले. मागे कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला फलक: आधी पुनर्वसन, मग रेल्वे. चहा मात्र जागेवर मागितला.
मागण्या अशा. प्रकल्पग्रस्त म्हणून दाखला. पर्यायी जागा, तीही लाभक्षेत्रात, म्हणजे स्वयंपाकघराजवळ. वर टीव्हीचा रिमोट कायमस्वरूपी. मी म्हटलं, हा शुद्ध ब्लॅकमेल आहे. ते म्हणाले, पस्तीस वर्षं लोकांनी माझ्याकडं हेच मागितलं, मी दिलं न्हाय, आता कळतंय मागायला किती बरं वाटतं.
हॉलमधला सोफा मंजूर केला. रिमोटवर चर्चा चालू.

२ डिसेंबर
रंकाळ्यावर फिरताना अनुजा भेटली. कॉन्व्हेंटात माझ्याबरोबर होती. नेहमी दुसरी यायची आणि आज मुलगा अमेरिकेत आहे हे तासाला एकदा सांगते. मी रेल्वेबद्दल सांगितलं. ती म्हणाली, अगं, फ्लॅटमध्ये? बसायचं कुठं, की उभ्यानंच जायचं?
तिथल्या तिथे जाहीर केलं. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा माझ्याकडे, सगळ्या बॅचला आमंत्रण, आणि तिळगूळ रेल्वेनं येईल. कोल्हापुरात भरायचा, कोकणात बसल्या जागी प्रत्येकीच्या हातात. अनुजा म्हणाली, तारीख दे, मी बॅग भरून येते कोकणात जायला. दिली. चौदा जानेवारी.
सिस्टर अगाथा म्हणायच्या, दिलेला शब्द म्हणजे चारित्र्य. मी तारखा देऊन न पाळणाऱ्यांबद्दल पेपरला आजवर किती पत्रं लिहिली. आता त्यांना दिसेल.

९ डिसेंबर
वळण. मोठ्या मापाचे डबे लहान वळणावर रूळ सोडतात. हे खोक्यावर लिहिलं होतं. पण मी सूचना वाचत नाही, सूचना देते. सात वेळा गाडी फिरवली, सातही वेळा शेवटचा डबा कपाटाखाली. कपाट भिंतीला टेकवून खिळलेलं आहे. हंबीरराव सोफ्यावरून म्हणाले, कपाटाला पण नोटीस दे की.

११ डिसेंबर
मूळ आराखड्यातच सुधारणा केली. वळण रद्द. खरी लाईन कुठे गोल फिरते? सरळ जाते. छोटी खोली हे कोल्हापूर, तिच्यापलीकडची गॅलरी हे कोकण. बायका गॅलरीत बसतील. मध्ये फक्त गॅलरीचा उंबरा. हाच आपला घाट. किती नैसर्गिक! हे आधीच कसं सुचलं नाही ते कळत नाही. म्हणजे सुचलंच होतं.

२० डिसेंबर
उंबरा वीतभर उंच आहे. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बिल्डरनं केलेला. प्लायवूडचा चढ टाकला. इंजिन चढाच्या पायथ्याशी येतं, चाकं जागच्या जागी फिरतात, जळका वास येतो. इंटरनेटवर एका इंग्रज म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिला. वीतभर चढायला वीस फूट सावकाश चढ लागतो म्हणे. खोली नऊ फूट.
म्हणजे चढ हॉलमधून घ्यायचा. सोफ्याखालून.
हंबीररावांना कल्पना दिली. उठून बसले. म्हणाले, एकदा उठवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा उठवायचं न्हाय, तसा जीआर हाय. मी म्हटलं, दाखवा जीआर. ते म्हणाले, मी काढलाय.

३ जानेवारी
चढ नको. बोगदा.
भिंतीला उंबऱ्याच्या शेजारी, जमिनीलगत, इंजिन जाईल एवढं भोक. घाटात बोगदेच असतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अमरसिंह आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी परवानगी मागायला गेले. ते म्हणाले, ताई, भिंतीला भोक कशाला? मी म्हटलं, बोगदा आहे. ते हसले आणि म्हणाले, एसीची पाईप काय, करा की. मी दुरुस्त केलं नाही. प्रत्येकाच्या आकलनाला मर्यादा असते.

६ जानेवारी
भिंतीला भोक पाडणारा कोअर कटिंगवाला आला. खणखणाट, धूळ, पांढरे झालेले हंबीरराव. भोक निम्म्याच्या पुढे गेलं आणि भिंतीतून पाणी.
गॅलरीत वॉशिंग मशीन आहे. मशीनला नळ आहे. नळाला पाणी कुठून येतं याचा विचार मी करायला हवा होता असं सगळे म्हणतात. मी टेलिफोनच्या केबलची बाई आहे, पाण्याची नाही. पाण्याचा माणूस सोफ्यावर होता. पाटबंधारे खात्यातला माणूस, आणि भिंतीत पाईप आहे हे एका शब्दानं सांगितलं नाही! विचारल्यावर म्हणाले, प्रकल्पग्रस्ताला कोण विचारतंय.
अमरसिंह बनियनवर धावत वर आले. त्यांच्या बेडरूमच्या छतातून धार. ताई, ही एसीची पाईप हाय व्हय? असं तीन वेळा विचारलं. मी आधी बोगदा म्हटलं होतं ते त्यांना तेव्हा आठवलं.

७ जानेवारी
प्लंबरनं पाईप जोडली आणि मला न विचारता भोक सिमेंटनं बुजवलं. वर थापी मारून गुळगुळीतही केलं. अमरसिंह समोर उभे होते.

११ जानेवारी
हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं. शास्त्रात सोय आहे ती उगाच नाही. ग्रुपवर कळवलं: तांत्रिक कारणास्तव कार्यक्रम चार फेब्रुवारीला. अनुजानं अंगठा टाकला. नुसता अंगठा. अंगठ्यातही टोमणा असतो हे तिच्याकडून शिकावं.

१३ जानेवारी
नणंद आल्या. कागलच्या आक्का, हंबीररावांहून मोठ्या. संक्रांतीला येतात आणि रथसप्तमी करून जातात. सोबत गुळाची ढेप, तीळ, आणि वाळवणासाठी मिरच्यांचं पोतं. आक्का सोफ्यावर झोपल्या. हंबीरराव छोट्या खोलीत, दोन रुळांच्या मध्ये चटईवर. त्यांना सांगितलं, रेल्वेच्या हद्दीत झोपणं गुन्हा आहे. म्हणाले, मग गाडी अंगावर घाल, तेवढी तरी चालती का बघू.

१९ जानेवारी
चढावर सँडपेपर चिकटवला. इंजिन निम्म्यापर्यंत चढलं! मी टाळ्या वाजवल्या. मग ते हळूहळू मागे सरकत खाली आलं. आक्का तीळ निवडत बघत होत्या. म्हणाल्या, अगं क्रांती, ही आगीनगाडी हाय का मांजर? उंबऱ्यापतोर येतीया आन् बसतीया.
हे वाक्य त्यांनी दिवसभरात दूधवाल्याला, अमरसिंहांच्या बायकोला आणि फोनवर निम्म्या कागलला सांगितलं.

२६ जानेवारी
दर दोन दिवसांनी नवी युक्ती. डबे काढून एकटं इंजिन. चाकांना रबर. मागून हळूच काठी. काठीनं चढतं, पण मग ती रेल्वे राहत नाही, म्हैस होते.
झोप नाही. चौदा जणींनी येणार म्हणून कळवलंय. दरवर्षी इतक्या येत नाहीत. हंबीररावांनी आज पहिल्यांदाच चेष्टा न करता विचारलं, रद्द करायचं का? मी सांगतो तुला ताप आलाय म्हणून. मी त्यांना खोलीबाहेर काढलं. रद्द करणारे वेगळे. त्यांच्याविरुद्धच तर हे सगळं आहे.

३ फेब्रुवारी
तयारी पूर्ण. पायथ्यापर्यंत गाडी उत्तम जाते. उरला प्रश्न फक्त घाटाचा. तो उद्या सुटेल. इंजिन दमलं होतं, आज विश्रांती दिली.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी, संध्याकाळी
सगळ्या आल्या. गॅलरीत खुर्च्यांवर दाटीवाटीनं चौदा बायका, पैठणी, गजरे, डोळे उंबऱ्यावर. अनुजा खरोखरच बॅग घेऊन आली होती. छोटी, चाकांची. ती खुर्चीशेजारी उभी केली आणि म्हणाली, गाडी वेळेवर आहे ना?
वाघिणींत तिळगूळ भरला. बटण दाबलं. गाडी डौलात निघाली, कपाट ओलांडलं, घाटाच्या पायथ्याशी आली. चाकं फिरली. वास. थांबली. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. कानांत सिस्टर अगाथा.
तेवढ्यात हंबीरराव आले. धोतर खोचलेलं, गुडघे वाजत होते. खाली बसले, गरम इंजिन टॉवेलात गुंडाळून बाळंतिणीकडून पोर घ्यावं तसं दोन्ही हातांनी उचललं, उंबऱ्यापलीकडच्या रुळांवर ठेवलं. मग एकेक डबा, एकेक वाघीण. एक तीळ सांडला नाही. आणि मोठ्यानं ओरडले, कोकणात जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं, घाटात डोंगर आल्यामुळं गाडी माणसानं उतरवली हाय.
बायका अशा हसल्या की खालून अमरसिंह वर बघायला आले. गाडी गॅलरीत सरळ गेली, अनुजासमोर थांबली. तिनं तिळगूळ उचलला, हंबीररावांना म्हणाली, भाऊजी, घाटाचं काम तुमच्याकडं असतं तर आम्ही कधीच पोहोचलो असतो. मला काही म्हणाली नाही. जाताना मात्र माझा हात जरा जास्त वेळ धरला.
चौदा जणींनी हंबीररावांबरोबर फोटो काढले. माझ्याबरोबर एकीनं, तोही आक्का फ्रेममध्ये असलेला.

५ फेब्रुवारी
अधिकृत नोंद. लाईन सुरू झाली. प्रवासी आणि माल दोन्ही कोकणात पोहोचले. घाटात पारंपरिक पद्धतीची मदत घेण्यात आली. अपयश कुठेही दिसत नाही.
छोटी खोली हंबीररावांना परत देण्याचा निर्णय मी घेतला. ते कालच कॉट लावून झोपले होते, पण निर्णय माझा.

९ फेब्रुवारी
आक्कांनी मुक्काम वाढवला. गॅलरीत ऊन चांगलं आहे म्हणाल्या. सकाळी बघते तर दोन्ही वाघिणींत ताक-मिठात मुरवलेल्या मिरच्या वाळत घातलेल्या. डब्यांच्या टपांवर सांडगे. ऊन सरकेल तशी आक्का गाडी बोटानं पुढे ढकलतात. मिरच्या वेळेवर वाळतायत, म्हणून शेजारणींनीही ताटं आणून ठेवलीत.
मी विरोध केला नाही. मालवाहतुकीपासून सुरुवात करायची हे माझं पहिल्यापासून ठरलेलंच होतं.