गरम इंजिन बंद केलं तो दिवस

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
८ जानेवारी २०२५

अहो,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. थंडीनं आत्याबाईंचा गुडघा धरलाय, पण तुमचं पत्र त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. प्रीतीला गणितात पन्नासातून चौतीस पडले. तिथं व्यसनमुक्ती केंद्रात मोबाईल देत न्हाईत, म्हणून लग्नाच्या बारा वर्षांनी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहून राह्यले.

पोकलेनची काळजी करू नका. तुम्हाला सोडून आले त्याच दिवशी कचरू ड्रायव्हर काम सोडून गेला. रामराव काकांचं शेततळं अर्धंच खणून पडलेलं. मंग मीच बसले. आपल्या रानात तुम्ही शिकवलं होतं, तेवढ्यावरच. दोन दिवस लोक बांधावर उभं राहून हसले. आता कुणी येत न्हाई.

सगळं तुमच्यासारखंच करते. सकाळी ऑइलची पट्टी पुसून बघते, पाणी बघते. चालू केल्यावर रेस देत न्हाई. ऑइलचा लाल दिवा विझला तरी पाच-सात मिनिटं हळूच चालू देते. मंग रिकामी बकेट दोन-चारदा वरखाली करून मातीला लावते. संध्याकाळी बकेट जमिनीला टेकवून पुन्हा पाच मिनिटं हळू चालू ठेवते. इंजिनाचा टर्बो थंडावल्याबिगर चावीला हात लावत न्हाई.

एकदा लावला.

तुम्ही लिहिलंय, "दारू सोडवायला म्हणून टाकून गेलीस, एकदाबी आली न्हाईस." वाचून गपच बसणार होते. पण ऐका.

तुम्हाला भरती करून तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, केंद्रातून फोन आला. तुम्हाला फिटचा झटका आला, शुद्ध न्हाई. पोकलेन ऐन जोरात, बकेट भरून वर. मी तशीच चावी फिरवली अन् खाली उडी मारली. रामराव काका ओरडले, "अगं दैवशाला, इंजिन गरम हाय! बकेट तरी खाली घे!" मी मागं बघितलं न्हाई. मिळेल त्या जीपनं जालना गाठलं.

केंद्रातल्या मॅडम दारातच आडव्या आल्या. "ते शुद्धीवर आलेत. पण तुम्हाला बघितलं तर घरी जायचा हट्ट धरतील. तीन आठवडे कुणालाच भेटू देत नाही."

खिडकीतून तुम्ही दिसले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला, तरी चहा सांडत होता. हाक ओठांवर आली होती. मारली न्हाई. शेवटच्या एसटीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी आदिनाथ मिस्त्रीनं पाइप काढून टर्बोचा पंखा बोटानं फिरवून, हलवून बघितला. म्हणाला, "वाचलं, वहिनी. तेल जळून बेअरिंग गेलं असतं. परत असं करू नका." मी "बराबर हाय" म्हणाले. पण तसा फोन परत आला, तर परत तसंच होईल माझ्याकडून.

या रविवारी भेटू देणार आहेत. पहिल्या एसटीनं येते. राग असला तर बोलू नका. वेळ संपेस्तोवर मी समोर बसून राहीन.

तुमच्यावर रागावलेली अन् तुमचीच,
दैवशाला