खाली आणलेली खाट

खाट खालच्या खोलीत आणलीत, हे मला सूनबाईच्या पत्रातून कळावं? जिना चढताना छातीत दुखतं, हे बायकोला सांगताना काय जीभ झिजली असती?

असो. नातीच्या आजोबांना नमस्कार. इथे नातीकडे मी बरी आहे, गुडघे कुरकुरतात तेवढेच. तुम्ही जेवता ना वेळेवर?

काल नातीने तिची प्रयोगशाळा दाखवली. बशीत हृदयाच्या पेशी धडधडत होत्या. त्यांचा प्राणवायू तिने कमी केलेला. म्हणाली, "आजी, पेशीत एक प्रथिन असतं, निरोप्यासारखं. प्राणवायू भरपूर असला की पेशी त्याला लगेच मोडून टाकते. कमी पडला की ते टिकतं, पेशीच्या गाभ्यात जाऊन सांगतं, आता प्राणवायूवाचून नुसत्या साखरेवर भागवा." मग पेशी काम कमी करतात आणि तग धरतात.

मी म्हटलं, "अगदी तुझ्या आजोबांसारख्या."

ती हसली नाही. "फार दिवस नाही भागत गं आजी," म्हणाली.

तुमचं दुखणं गेलेलं नाही, तुम्ही फक्त जिना सोडलात. सोमवारी मुकाट्याने तपासणीला जा.

तुमची रागावलेली,
बायको

उत्तर तुम्ही लिहायचं नाही, खोटं लिहाल. डॉक्टर काय म्हणाले ते सूनबाईनेच लिहावं.