पावलांच्या खोलीबाबत

मी, खाली सही करणारी, चित्रपटांसाठी पावलांचे आणि इतर बारीकसारीक आवाज करून देणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदयाचा भरवसा नाही असे डॉक्टर म्हणतात. डोके ठिकाणावर असल्याचे त्यांनीच लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारी एकच व्यक्ती होती, माझी आई, ती आता हयात नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीचे. तिच्या वडिलांनी वेगळे होताना घरावरचा हक्क आपणहून सोडला. त्याबद्दल त्यांचे आभार. बाकी कशाबद्दल नाहीत.

२. गाण्याच्या खोलीतला मोठा आरसा माझ्या थोरल्या बहिणीला द्यावा. आई आम्हा दोघींना त्याच्यासमोर उभे करून गायला लावी. तोंड वेडेवाकडे झाले की टिचकी बसे. ताई त्यातूनच नामांकित गायिका झाली. मुलाखतीत तिने सांगितले, "धाकटीला गळ्यानं साथ दिली नाही." हे खोटे आहे. गळ्याने साथ दिली होती, सोडले मी त्याला.

ते असे झाले. एका चित्रपटाचे गाणे गायला मी स्टुडिओत गेले होते. वादक यायचे होते. शेजारच्या खोलीत एक गृहस्थ पडद्यावरच्या नायिकेकडे बघत बायकी चपला घालून चालत होते. चित्रीकरणात पावले नीट ऐकू येत नाहीत, म्हणून ती मागाहून अशी भरतात, हे मला तेव्हा कळले. नायिका वाईट बातमी ऐकून जिना उतरत होती.

"बाई, ही चप्पल मला होत नाही. तुम्ही चालता का?" त्यांनी विचारले.

मी चालले. ते म्हणाले, "तुम्ही उतरताय. तिला खाली जायचंच नाहीये."

मी पुन्हा चालले. तेव्हा जे झाले ते गाताना कधीच झाले नव्हते: मी कशी ऐकू येते आहे, हे मी विसरले. त्या दिवशीचे गाणे माझे शेवटचे. ते गृहस्थ पुढे माझे गुरू झाले.

आई म्हणाली, "एवढा गळा मिळाला, आणि तू पाय आपटत फिरणार?" त्यानंतर तिने माझ्याशी बोलणे टाकले.

३. कपाटातल्या सपाता आईच्या आहेत. शेवटच्या आजारात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा सेवा मीच केली. एका दुपारी मी त्या सपाता हातांत घालून तिच्या पलंगाशेजारी फरशीवर तिची चाल चालवली. डावा पाय किंचित ओढत, दाराशी थबकत. तिचे डोळे मिटलेले होते.

"कोण आलं?"

"तूच."

ती ऐकत राहिली. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळले. मग म्हणाली, "छान. आता गा."

मला गाता आले नाही. सपाता टाकून द्याव्यात, कोणी जपू नयेत.

४. स्टुडिओजवळ वेगळी घेतलेली माझी कामाची खोली, तिच्यातली वाळू, खडी, लाकडी फळ्या, जोड्यांचा ढिगारा, बर्फावरच्या चालीसाठी कॉर्नफ्लोअर भरलेली चामडी पिशवी, हे सर्व मुलीला मिळेल असे सगळे धरून चालले आहेत. ती शिक्षण सोडून माझ्या हाताखाली आली. काम माझ्यापेक्षा सफाईचे करते. परवा एक म्हातारा आपले दुकान कायमचे बंद करतो तो प्रसंग आम्ही केला. पावले तिचीच होती. ती ऐकून आमच्या ध्वनिमुद्रकाने, माझ्या इतक्या वर्षांच्या सोबत्याने, चष्मा काढून डोळे पुसले; मुलगी मात्र जोडे पुसत होती.

मी विचारले, "तुला आवडतं का गं हे?"

"तुला आवडतं ना?"

"मी तुझं विचारतेय."

"आई, पुढचा सीन लावायचा का?"

म्हणून माझ्यामागे खोलीला वर्षभर कुलूप लावावे. किल्ली ध्वनिमुद्रकाकडे राहील. तेवढ्या काळात मुलीने दुसरे काहीही करून पाहावे, किंवा काहीच करू नये. वर्षानंतर तिने स्वतः येऊन किल्ली मागितली, तर खोली तिची. न मागितल्यास खोली विकून रक्कम तिलाच द्यावी आणि "का" म्हणून कोणी विचारू नये.

ती दुखावेल. आईने माझ्यावर स्वतःची आवड लादली. मी मुलीचे चालते काम बंद पाडते आहे. यात फरक किती, ते मला नक्की सांगता येत नाही.

वरील मजकूर ध्वनिमुद्रकाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "अगं, पोरीला आत्ताच सांगून टाक की. तुझ्या तोंडून ऐकू दे."

मी म्हटले, "आत्ता सांगितलं तर मला बरं वाटावं म्हणून किल्ली मागेल."

सही : पावलांचे आवाज करणारी
साक्षीदार : १. माझे डॉक्टर २. समोरच्या शिवणकामवाल्या बाई
व्यवस्था पाहणार : ध्वनिमुद्रक
स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : आजचा, वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे. मुलगी कामावर गेली आहे.