भिंतीपासून बोटभर

३ ऑगस्ट
एक्सपांड! आज एका बैठकीत हा शब्द तीनदा कानावर पडला आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. नाचाच्या शाळेच्या मालकीणबाई आधी म्हणाल्या, लाकूड एक्सपांड होईल ना? मग, तुमचा मुद्दा जरा एक्सपांड करा. निघताना – धंदा एक्सपांड करायचा विचार आहे की नाही?

घरी येऊन मुलीला विचारलं. "लाकूड फुगतं, मुद्दा फोडून सांगतात, धंदा वाढवतात. सगळ्याला तोच शब्द, बाबा." म्हणजे आपल्याकडे तीन आणि त्यांच्याकडे एक. कंजूष लोक! "छाती फुलते, त्यालाही चालतो," असं माझ्याकडे बघत म्हणाली. तेवढं मला कळलं.

४ ऑगस्ट
तीस वर्षं लाकडी जमिनी बसवतोय. सुरुवात केली ती गुडघ्यांवर बसून, दुसऱ्याच्या फळ्या घासत. आता बाईंचा हा हॉल नीट झाला की त्यांचे आणखी चार हॉल आपलेच. मग दुकानाशेजारचा गाळा घ्यायचा. मधल्या भिंतीत दार पाडायचं. मुलगी तिकडे बसेल, मी इकडून हाक मारली की ओ देईल.

बायको म्हणाली, "अहो, तिला विचारलंत का?" विचारायचं काय त्यात? सांगितलं. मुलगी म्हणाली, "हं."

तिच्या 'हं'चे चार प्रकार मला पाठ आहेत. हा पाचवा.

९ ऑगस्ट
हॉलची जमीन झाली. आरसा झक मारेल! खिडकीकडची बाजू मुलीने बसवली. हात माझाच आहे तिचा.

बाई आल्या तेव्हा मी त्यांना सगळं एक्सपांड करून सांगितलं. दमट हवेत लाकूड फुगतं, म्हणून भिंतीपासून बोटभर फट सोडायची. फळ्या सरकू नयेत म्हणून काम चालू असताना त्या फटीत पाचरी ठोकायच्या. शेवटी पाचरी काढायच्या आणि वर पट्टी मारायची, म्हणजे फट दिसत नाही. बाई खूश. मुलगी मधेच, "बाबा, पाचरी –" म्हटलं, मला शिकवतेस? जा, दाराचं माप घे. पट्टी मीच मारली.

१५ ऑगस्ट
पाच दिवस हवा ओली.

१६ ऑगस्ट
बाईंचा फोन. जमिनीला मधोमध पोट आलंय! वीस तारखेला उद्घाटन.

मी आणि गुण्या धावलो. गुण्या म्हणजे माझा पहिल्या दिवसापासूनचा मिस्त्री, काटकोन तपासायच्या गुण्यासारखा ताठ, बोलणंही तसंच. खिडकीकडची पट्टी उचकटली. आत पाचरी, जागच्या जागी. लाकडाला फुगायला जागाच नाही, मग ते वर नाही येणार तर काय!

मोजल्या, तेरा. "चौदा ठोकल्या होत्या," गुण्या म्हणाला. "चौदावी गेली कुठे?" मी विचारलं. "ते सोडा. पट्टी कोणी मारली, शेठ?"

त्याला माहीत होतं. विचारायची हौस!

१७ ऑगस्ट
मुलगी हॉलवर आली आणि तेराही पाचरी काढून मोकळी झाली. 'सांगत होते ना' म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी भांडलो तरी असतो.

बाईंना सरळ सांगितलं – चूक माझी. माझ्या हातची. पोरीची नाही.

१८ ऑगस्ट
दुपारी हॉलमध्ये एकटा बसून होतो. कट्. मग बराच वेळ काही नाही. कट्. जमीन खाली बसतेय. माझे कान अजून शाबूत आहेत. संध्याकाळी दोरी धरून पाहिलं, सपाट!

गुण्या चहा पिताना म्हणाला, "पोरीने स्वतःच्या दुकानासाठी महिन्यापूर्वीच एक जागा बघून ठेवलीय. शहराच्या दुसऱ्या टोकाला. तुम्हाला सांगायची छाती होत नाही."
"तुला बरं सांगितलं?"
"मी ऐकून घेतो."

२० ऑगस्ट
उद्घाटन झालं. चाळीस पोरी एकदम नाचल्या, जमीन हूं की चूं नाही. बाई म्हणाल्या, चार नाही, आधी दोन हॉल करा. बघू. दोन तर दोन. मी जमिनीवरूनच वर आलोय.

२१ ऑगस्ट
दुकानात मुलीच्या टेबलावर पेन शोधत होतो. खणात चौदावी पाचर. म्हणजे त्या दिवशी तिने काढायला सुरुवात केली होती, आणि मी तिला दाराकडे पिटाळलं.

शेजारच्या गाळ्याला नको म्हणून कळवलं. मग तिला म्हटलं, "ती दुसऱ्या टोकाची जागा – मी बघायला येऊ का?"

तिने टेबलावरची मापाची टेप उचलली. मग म्हणाली, "या. पण माप मी घेणार."