ऑस्टिनच्या कोटाचं तिकीट

हॅसलडेन,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय डोरीन,

तुला, तुझ्या डाव्या गुडघ्याला आणि तुझ्या त्या माणूसघाण्या मांजराला माझा नमस्कार. गुडघा आता वाकतो का? मोरकॅमचा समुद्रावरचा वारा हाडांना चांगला असं सांगणारे डॉक्टर स्वतः मात्र सुट्टीला स्पेनला का पळतात, हे मला अजून कळलेलं नाही. माझी तब्येत उत्तम आहे. ख्रिसमसच्या कार्डावर मी हेच लिहिलं होतं आणि तूही तुझ्या कार्डावर हेच लिहिलं होतंस, म्हणजे आपण दोघी एकतर ठणठणीत आहोत किंवा सारख्याच खोटारड्या. पत्र हातानं लिहितेय, कारण फोनवर मी फुटबॉलचं नाव काढलं की नेमकं तुझ्या दारावर कुणीतरी येतं. कागदाला हे जमत नाही. चहा ओतून घे आणि बस.

तुला वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडून दुसरं पान वाचायची सवय नाही, म्हणून सांगते : आपला फुटबॉल क्लब (बरं, तुझ्या भावाचा, ऑस्टिनचा क्लब) चषकाच्या उपांत्य सामन्यात पोचलाय. सामना लंडनच्या त्या अवाढव्य मैदानावर. ऑस्टिन जन्मभर म्हणत आला की हे घडलं तर मी लंडनला चालत जाईन. (कोपऱ्यावरच्या बेकरीत जायला त्याला गाडी लागायची.) आता त्याला जाऊन दुसरा हिवाळा संपत आला, आणि क्लबला हे सुचलं. ऑस्टिनचं बाराही महिने असंच असायचं हे तुला माहीत आहे. बस निघून गेल्यावर थांब्यावर पोचणारा माणूस.

तिकिटाची किंमत वाचली तेव्हा मला वाटलं, मैदानाचा एक तुकडाच नावावर करून देतायत. एवढ्या पैशांत आम्ही ब्लॅकपूलला आठवडाभर राहून आलो होतो, सकाळच्या न्याहारीसकट. पण किंमत म्हणजे नुसतं दार होतं. आत गेल्यावर बारीक अक्षरांत एकेक पाहुणा बसलेला. पहिलं नोंदणी शुल्क. नोंदणी करणारी मी, माझ्या घरात, माझ्या विजेवर, माझा चष्मा लावून, शुल्क त्यांना. मग सोयीचं शुल्क. कुणाच्या सोयीचं, ते लिहिलेलं नव्हतं. मग तिकीट पोचवण्याचं शुल्क. ते आलं ईमेलनं. ना पोस्टमन आला, ना शेजारचा कुत्रा भुंकला, ना माझं दाराचं पायपुसणं ओलं झालं. कोंबडीपेक्षा मसाला महाग, डोरीन, आणि कोंबडी अजून अंड्यातच. शाळेत आमच्या नन सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या की पाप करायचंच असेल तर निदान त्याला नीट नाव द्या. या लोकांना त्यांच्या वर्गात एक हिवाळा बसवायला हवं होतं, खिडकीजवळ.

पूर्वी मैदानाच्या मागच्या भिंतीत एक खिडकी होती आणि खिडकीत मिसेस क्लेग. ती पैसे घ्यायची, तिकीट फाडायची आणि आपल्या गोलकीपरबद्दलचं तिचं मत सांगायची. मताचे वेगळे पैसे नव्हते. ऑस्टिन रविवारी भल्या पहाटे फ्लास्क घेऊन रांगेत उभा राहायचा आणि घरी आल्यावर दिवसभर असा वागायचा की जणू तिकीट त्यानं शिकार करून आणलंय. आता फ्लास्क आत नेता येत नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणे. (आतमध्ये कागदी पेल्यातल्या चहाचा भाव पाहिलास तर कुणाची सुरक्षा ते कळेल.)

पण मी मुद्द्यावर येते. तू म्हणशील, मोनिका मुद्द्यावर येणार म्हणजे अजून दोन पानं. बरोबर आहे.

ऑस्टिन गेला तेव्हा मी सगळ्यांना लिहून कळवलं. बँकेला, पेन्शनवाल्यांना, वाचनालयालासुद्धा. (त्याच्याकडे मधमाश्यांवरचं एक पुस्तक होतं. मधमाश्या का, ते आता कोण सांगणार. त्यांनी दंड माफ केला, देव त्यांचं भलं करो.) फक्त क्लबला कळवलं नाही. त्याचं हंगामाचं कार्ड, म्हणजे घरच्या मैदानावरच्या सगळ्या सामन्यांचं, मी माझ्याबरोबर पुन्हा भरलं आणि त्याची खुर्ची माझ्या शेजारी राहिली. क्लबनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं बोलू नये हे नन्सनी शिकवलं; न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये हेही त्यांनीच शिकवलं, आणि मी दोन्हींत पहिली यायचे.

पण आपला क्लब वरच्या श्रेणीत चढला आणि हॅसलडेनमध्ये ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता तेही कार्डासाठी प्रतीक्षायादीत जाऊन बसले. मग नवा नियम निघाला : खुर्ची वारंवार रिकामी दिसली की काढून घेणार. दिसणार कुणाला, तर दरवाज्यातल्या फिरत्या लोखंडी अडसराला. कार्ड टेकवलं की तो एकदा फिरतो आणि एक माणूस आत आला असं मोजतो. माणूस कसा आहे, हे तो बघत नाही. तेव्हा मी ऑस्टिनचा तो करडा ओव्हरकोट न्यायला लागले. आधी त्याचं कार्ड टेकवायचं, कोट छत्रीच्या टोकाला अडकवून अडसरातून पुढे ढकलायचा, अडसर फिरला की माझं कार्ड टेकवून मागून मी. पहिल्या वेळी दारावरचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे सिस्टर बेनेडिक्टांसारखं बघितलं. तेव्हापासून मी आले की त्याला समोरच्या पाट्या वाचायच्या असतात.

कोट खुर्चीवर बसतो. आमच्या मागे क्लिफ ड्यूहर्स्ट असतो. तुला तो आठवेल; ऑस्टिनच्या अंत्यविधीला क्लबचा मफलर घालून आला होता आणि तू मला विचारलं होतंस की याला कुणी बोलावलं. वर्षानुवर्षं तो आणि ऑस्टिन एकमेकांशी फक्त भांडत आले. आता तो कोटाशी भांडतो. गोल हुकला की पुढे वाकून म्हणतो, "बघितलंस ऑस्टिन, तुझा तो लाडका? आता बोल ना." मग जरा थांबतो आणि स्वतःच म्हणतो, "हां, बरोबर आहे तुझं." इतकी वर्षं त्यानं ऑस्टिनचं एकही म्हणणं मान्य केलं नव्हतं.

जानेवारीत मला खोकल्यानं धरलं. दोन सामने अंथरुणात गेले. कार्ड आणि कोट मी क्लिफकडे पाठवले. फक्त ऑस्टिनचं कार्ड. माझं द्यायचं सुचलंच नाही. खुर्ची गेली तर त्याची जाईल, माझी कशाला जाते, असं डोक्यात. क्लिफनं कोट नेला, बसवला, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला तेव्हा कोटाच्या खिशात मटणाच्या पाईचा कागद होता. (क्लिफ म्हणाला, ऑस्टिनचाच असेल. कोट ड्रायक्लीन होऊन आलेला होता.)

आता बघ काय झालं. उपांत्य सामन्याची तिकिटं निष्ठेप्रमाणे वाटायची असं क्लबनं ठरवलं. निष्ठा कुणाची किती, ते अडसर सांगणार. अडसरानं सांगितलं की मिसेस मोनिका एंटविसल यांची निष्ठा थोडक्यात कमी पडते, आणि मिस्टर ऑस्टिन एंटविसल यांचं मात्र अभिनंदन. गावातल्या एकनिष्ठ समर्थकांमध्ये त्यांची गणना होते. दफनभूमीतून न चुकता येणारा माणूस, डोरीन, आणि घरी खोकणारी मी नापास.

मी त्याच्या नावानं तिकीट घेतलं, सगळ्या शुल्कांसकट. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. फक्त इथे त्यांना लोणी मी माझ्या हातानं वाढलं. मग बारीक अक्षरं आणखी खाली वाचली. लंडनच्या दारावर नाव आणि फोटो बघणार. कोट चालणार नाही.

मदतीच्या फोनवर एक मुलगी आली आणि पहिल्याच वाक्यात मला मोनिका म्हणाली. तुझ्या आईला मला मोनिका म्हणायला लग्नानंतर वर्ष लागलं होतं. नाव बदलायचं तर मिस्टर एंटविसलनीच बोलायला हवं, असं तिचं म्हणणं. ते फोनवर येऊ शकत नाहीत, मी म्हटलं. मग केव्हा येऊ शकतील? मी म्हटलं, आम्ही कॅथलिक आहोत, तेव्हा आशा आहे, पण तारीख सांगता येणार नाही. तिनं बहुधा लिहून घेतलं की ते नंतर फोन करतील.

क्लिफ म्हणाला, त्यात काय, मी करतो ऑस्टिन बनून. गुरुवारी आला टाय लावून, जसा काही फोनमधून दिसणार होता. माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीकडच्या खुर्चीवर बसला (दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते), घसा साफ केला आणि म्हणाला, "मी ऑस्टिन एंटविसल बोलतोय. आणि ते तुमचं सोयीचं शुल्क म्हणजे शुद्ध दरोडा आहे, पोरी."

शब्द तेच. चिडण्याची तऱ्हा तीच, ते 'पोरी'सुद्धा. क्लिफनं इतकी वर्षं कान देऊन ऐकलं होतं त्याला. फक्त आवाज दुसऱ्याचा. किटलीला उकळी आली होती आणि ती बंद करायला माझा हात उठेना. मग मी क्लिफच्या हातातून फोन घेतला.

"ते वारलेत," मी म्हटलं. "मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात. हा मागे बसणारा माणूस आहे."

मी लिहून पुष्कळांना कळवलं होतं, डोरीन. तोंडानं हे वाक्य मी तोवर बोलले नव्हते. सगळ्यांना आपोआप माहीत होतं, तुलाही तुझ्या चर्चच्या फादरनी सांगितलं. क्लिफनं टाय सोडून खिशात घातला आणि किटली बंद केली.

तर असं सगळं. बाकी इकडे ठीक. नळ गळतो, तो गळू देते; तेवढाच घरात आवाज. गुडघ्याला शेक दे. मांजराला माझा राग कळव.

तुझी वहिनी,
मोनिका

ता. क. त्या मुलीनं नंतर एक नियम वाचून दाखवला. कार्डवाला वारला तर खुर्ची त्याच्या रक्ताच्या नातेवाइकाच्या नावावर करता येते. बायकोच्या नाही, कारण तिच्याकडे एक आहे. या महिन्यात कुणी फोन केला नाही तर ती प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाईल, आणि तो मोठ्यानं चिप्स खाणारा असेल हे मी आत्ताच सांगते. ऑस्टिनच्या रक्ताचं तू सोडून कुणी उरलेलं नाही. फोन तुला करावा लागेल. तुला मोनिका नाही म्हणणार, पण डोरीन नक्की म्हणतील, रागावू नकोस. नावबदलाचं शुल्क आहेच. ते मी भरीन, कण्हत कण्हत.

आणखी एक ता. क. तू म्हणशील, एवढं पत्र त्या लंडनच्या तिकिटासाठी. नाही. ते तिकीट मी खरं बोलल्याक्षणी रद्द झालं. पैसे परत येतील, नोंदणी शुल्क सोडून. (त्यांनी अनुकंपा म्हणून सोयीचं शुल्क माफ केलं. कुणाच्या सोयीचं, ते अजूनही सांगितलं नाही.) उपांत्य सामना मी रेडिओवर ऐकेन. मी इथल्या मैदानावरच्या साध्या शनिवारबद्दल बोलतेय, बहुधा हरणाऱ्या. मोरकॅमहून दुपारच्या आधीची गाडी आहे. पायऱ्या फार नाहीत. विणकाम आणलंस तर क्लिफला सांगून ठेवते की हसायचं नाही.

शेवटचं. कोट मी त्या दिवशी घरीच ठेवीन. आमच्या ओळीतल्या खुर्च्यांना मधे हात नाहीत, त्यामुळे शेजारच्याचं कोपर लागत राहतं. तुला ते आवडणार नाही, म्हणून आधीच सांगितलं. थंडी असेल तर मात्र बरं वाटतं.