फडक्यात बांधू की डब्यात?

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

उदगीर, सोमवार

प्रिय शिवानी,

अनेक आशीर्वाद. आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेते, मग माझं चऱ्हाट सुरू करते. अंबिकाताईंचे गुडघे कसे आहेत? तेल लावून शेकतात का, का नुसतंच 'लावते लावते' म्हणतात? आप्पासाहेबांची शुगर या महिन्यात तपासली का? त्यांना म्हणावं, आंब्याचे दिवस आहेत, हात जरा आवरता घ्या. रोज विष्णुपुरीला मोटारसायकलवर जाऊन-येऊन संगमेशची पाठ धरते म्हणाला होता, ती आता कशी आहे? आणि माझ्या रुद्राणीचा पुढचा दात आला का गं? मागच्या फोनवर 'आज्जी, साखर' म्हणायचं तर 'थाखर' म्हणत होती, मला हसू आवरेना. तू तेवढी दरवेळी 'मी बरी आहे' म्हणून फोन पुढं देतेस. तुझं डोकं दुखायचं थांबलं का, ते नीट लिही. माझं म्हणशील तर मोतीबिंदू काढल्यापासून इतकं लख्ख दिसतंय की शेजारच्या गुरम्माला मी सहज म्हणून गेले, 'अगं, तुझ्या तोंडावर इतक्या सुरकुत्या कवा आल्या?' आठ दिवस बोलली नाही बाई माझ्याशी.

आता खरी गोष्ट. मी येणार आहे! रुद्राणीच्या वाढदिवसाला, हैदराबादजवळच्या त्या पाळण्यांच्या पार्कात, तुमच्या गाडीत बसून! परवा दुपारी तुझ्या सासूबाईंचा, अंबिकाताईंचा फोन आला. मी मिरच्या निवडत होते, तसाच तिखट हात पदराला पुसून फोन उचलला. म्हणाल्या, 'पोरीच्या वाढदिवसाला सगळे जाऊन राहिलो आम्ही. गाडीत एक जागा हाय. विहीणबाई, तुम्ही बी चला.' मी 'हाव, येते' म्हटलं ते इतकं चटकन, की मागाहून माझी मलाच लाज वाटली. थोडे आढेवेढे तरी घ्यायचे! पण फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, त्या मला विहीणबाई म्हणाल्या. आजवर 'उदगीरच्या बाई' म्हणायच्या. विहीण म्हणजे सुनेची आई. मी तर तुझी सासू. माझा मल्लिनाथ गेल्यावर तुला नव्या घरी लावून देणारी पहिली सासू. अशा बाईला काय म्हणायचं, हे आपल्याकडं कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. त्यांची जीभ घसरली, की मनातून आलं? परवापासून हेच घोळतंय डोक्यात. वर मी 'खायचं काय आणू?' विचारलं, तर म्हणाल्या, 'ते आता तुमच्या लेकीलाच इचारा.' म्हणून हे पत्र. लेकीला विचारतेय असं समज. एक मोठं विचारायचं आहे, ते शेवटी. आधी डब्यांचं ठरवू.

तुला वाटेल, म्हातारी उगं जिवाला त्रास करून घेते, तिथं आत सगळं मिळतं. मिळतं गं. पण आत एका माणसाच्या ताटाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात घरी सहाही जणांचं दिवसभराचं पोटभर होतं, आणि वर चिवडा उरतो. संगमेशनं तिकिटांचा भार उचललाय, खाण्याचा जिम्मा माझा. बोलून बसले आहे, आता मागं घेणार नाही.

त्यात एक घोटाळा होता होता राहिला. मी मारे फुशारकीनं गुरम्माला सांगत होते, हे करणार, ते करणार, आणि तिची नात म्हणाली, 'आज्जी, गेटवर पिशव्या तपासतात. बाहेरचं खाणं आत न्हाई नेऊ देत. लेकराचं दूध आन औषधं तेवढी सोडतात.'  मी म्हटलं, मग माझा लसणाचा तिखटजाळ भुरका औषध म्हणून सोडतील का गं? तर गुरम्मा म्हणते, 'सोडायलाच पाहिजे. तुझा भुरका खाऊन माझी सर्दी पळाली होती, आन मागनं नवरा बी.' हसून हसून पोट दुखलं. पण ती पोरगी हुशार, तिनं लगेच पार्कात फोन लावून विचारून घेतलं. हातावर शिक्का मारून दुपारी बाहेर येता येतं आणि परत आत जाता येतं. मग काय! सगळी आखणीच बदलली. आत फक्त पाणी न्यायचं. सकाळचं गेटात शिरायच्या आधी, दुपारचं गाड्या लावतात तिथल्या झाडाखाली सतरंजी टाकून, आणि संध्याकाळचं परतीच्या वाटेवर.

सकाळी धपाटे. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, मूठभर कणीक, भरपूर लसूण आणि वरून तीळ. उन्हाळा आहे म्हणून त्यात कांदा घालणार नाही, लवकर वास मारतो. तव्यावरून काढले की आधी परातीत पसरून गार करायचे, मगच बांधायचे. ऊन ऊन बांधले की वाफेचं पाणी सुटतं आणि दुपारपर्यंत लगदा. दुपारला दशम्या, दुधात मळलेल्या, आणि शेंगाची चटणी. चटणी उखळातच कुटणार. मिक्सरातली कोरडी राहते, तेल सुटत नाही. दह्याचं मात्र तू बघ. सकाळी निघताना नांदेडहून घट्ट लावलेलं घे, इथून नेलं तर वाटेतच ताक होईल. अंबिकाताईंसाठी दशम्या वेगळ्या, मऊसूत, तुपाचा हात लावून. दाढ काढली आहे ना त्यांची? आप्पासाहेबांना ज्वारीच्या लाह्या आणि फुटाणे, त्यांच्यापुढं गोडाचा डबा उघडायचाच नाही. काकड्या चिरून नेऊ नकोस, अख्ख्याच घे, मीठ-तिखटाची पुडी मी आणते. मुरमुऱ्याचा चिवडा मोप करते, रांगेत उभं राहून आलेल्या लेकरांना तोच लागतो. आणि रुद्राणीला शेंगाची पोळी. गूळ किसून, दाणे खमंग भाजून, कडेपर्यंत सारण भरलेली. केकच्या आधी तिनं पोळीचा घास घ्यावा एवढंच माझं म्हणणं. तिच्या बापाचं आवडतं होतं ते. म्हणजे मल्लीचं. आता संगमेशलाही आवडतं का, ते विचारून लिही, त्याच्या दोन जास्तीच्या टाकते.

मी पाळण्यात बसणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. कुणी 'तुम्ही सावलीत बसा, सामान सांभाळा' म्हणालं तर ऐकायची नाही. गुरम्मा विचारते, 'आन तिथं पाण्याचे खेळ हायत, गळ्यातल्या लिंगाचं काय करणार?' मी म्हटलं, काय करणार म्हणजे? रोज सकाळी तांब्याभर पाण्यानं अभिषेक घेतो तो, एक दिवस घसरगुंडीवरून घेईल. तरी चौक्याला, लिंगाच्या डबीला, नवा दोरा ओवून घेतलाय, गाठ दोनदा ओढून पाहिली. पूजा पहाटेच उरकून घेईन, तुम्हाला माझ्यासाठी ताटकळावं लागणार नाही. आदल्या संध्याकाळी देगलूरला माझ्या भाचीकडं मुक्कामाला येते, तुम्ही नांदेडहून आलात की बसस्टँडसमोर उभी दिसेन. दोन्ही हातांत सामान असेल, हॉर्न वाजवू नका, मी आपणच दिसते.

हे सगळं लिहिताना जुनं एक सारखं आठवतंय. तू लग्न होऊन पहिल्यांदा या घरात आलीस, तेव्हा आईवेगळी पोर. तुझे वडील बिचारे पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. आपल्या गल्लीची रीत तुला ठाऊक आहे, सून माहेराहून आली की तिची शिदोरी घरोघर वाटायची आणि बायांनी चाखून बघायची. पंचमीला तू हदगावहून रिकाम्या हातानं आलीस. अंगणातच गुरम्मानं विचारलं, 'काय आणलं गं सूनबाईनं?' तू मान खाली घातलीस. मी म्हटलं, थांबा की, अजून गाठ सोडायची आहे! आत जाऊन दार लोटलं आणि धपाटे थापायला बसले. दिवे लागायच्या आत 'आमच्या सुनेची शिदोरी' म्हणून गल्लीभर वाटून आले. मग हे दर सणाला चालू झालं. तू दारात आलीस की मी मागल्या चुलीवर. गुरम्मा दरवेळी म्हणायची, 'हदगावच्या धपाट्याला तुझ्याच हाताची चव कशी गं?' मी म्हणायची, 'तिच्या माहेरच्यांनी आन मी एकाच पिठाच्या गिरणीतून दळण आणलं असंल.'  एका संक्रांतीला तू न सांगता तीळ भाजून माझ्यापुढं ठेवलेस आणि तिथंच बसून राहिलीस, तेव्हा मला कळलं की तुला सगळं कळतं.

मग नांदेडला तुझं दुसऱ्यांदा लग्न लागलं. ते मीच हौसेनं ठरवलं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. सकाळी मल्लीच्या समाधीला बेल वाहून आले आणि चूल पेटवली. शिदोरी तयार झाली. जुनं, धुवून मऊ झालेलं फडकं पसरलं, त्यात धपाटे, पोळ्या, चटणी, सगळं मांडलं. तेवढ्यात बाया आल्या. 'सासूच्या घरची शिदोरी? असं कुठं असतंय का? तिकडचे काय म्हणतील!' त्यांचंही खरं होतं. नव्या घरी पहिल्या दिवशी तुला कुणी विचारावं, ही कुणाची शिदोरी, आणि तू काय सांगावंस? फडक्याच्या चारी कोपऱ्यांना गाठ मारायचीच राहिली. तुमची जीप वळणावरून गेली. पोळ्या आम्ही आठवडाभर खाल्ल्या. शेंगाची पोळी, टिकते चांगली.

म्हणून फोन न करता पत्र लिहितेय. फोन तुमच्याकडं स्वयंपाकघरात मोठ्या आवाजात चालू असतो, सगळे ऐकतात, आणि मग तुला भिडेनं 'हाव' म्हणावं लागलं असतं. हे तू एकटी वाच. अंबिकाताईंनी मला विहीणबाई म्हटलं. त्यांच्या बाजूनं त्यांनी दार उघडलं असं मी धरते. पण लेक म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुझं. तू म्हणशील तर सगळं स्टीलच्या डब्यांत भरते, झाकणं लावते, सहलीचा फराळ म्हणून मध्ये ठेवते, सगळे मिळून खातील, त्यात मला रुसायचं काही नाही, पाळण्यात तर मी बसणारच. आणि तू म्हणशील तर तेच फडकं काढते. धुवून, घडी करून ठेवलंय अजून. त्यात बांधते, चार गाठी मारते, आणि देगलूरला गाडीत चढल्या चढल्या सगळ्यांदेखत तुझ्या मांडीवर ठेवते. मग गाठ तू सोडायचीस. आणि परत नांदेडला गेलीस की उरलेलं चार घरी वाटायचंस, कुणी विचारलं तर माहेरचं आहे म्हणून सांगायचंस. खरं तेच सांगायचं, आता मागल्या चुलीवर लपून थापायचं नाही मला. सामान आणायला दोन-चार दिवस लागतात, आणि दाणे भाजायला मी उतावीळ झाले आहे, तेव्हा लवकर पत्र धाड. फडक्यात बांधू की डब्यात भरू, एवढीच एक ओळ लिहिलीस तरी मला पुरे.

तुझीच,
सिंधु