छतापासून सुरुवात

प्रिय बटण,

फोनवर तू रोज विचारतेस, बाईंशी बोलणं कसं चाललंय, आणि मी रोज 'बरं चाललंय' म्हणून तुला वाटेला लावते. फोनवर सांगायला गेले की तू मध्येच 'अगं पण आई' म्हणतेस आणि माझा धागा तुटतो. म्हणून आज दुकानाचं शटर लवकर ओढलं आणि कापायच्या टेबलावरच लिहायला बसले आहे. एका दमात वाच आणि वाचून होईपर्यंत फोन करू नकोस.

या ऑनलाइन थेरपीची टूम तू काढलीस तेव्हा मला राग आला होता. मी काय भिंतीवर डोकं आपटत होते? गुडघे दुखतात, तुझ्या बाळंतपणाला यायला जमणार नाही, एवढंच तर म्हटलं होतं. त्यावर तू म्हणालीस, आई, तुझे गुडघे फक्त हॉस्पिटलच्या दारातच दुखतात. तुझं अपेंडिक्स काढलं तेव्हा बाबा तुझ्याजवळ आत होते आणि मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. हे तू विसरली नाहीस, आणि तुझं काही चुकलं नाही. तरी या बाई क्लिनिकल सोशल वर्कर आहेत हे ऐकून मला वाटलं होतं, असेल कुणी वर्गणी मागायला येणाऱ्यांपैकी. गोड बोलतील आणि चार उपदेश करतील.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडला आणि त्याचा पडदा पार मागे ढकलला. मुद्दामच. म्हटलं, बघा काय बघायचंय ते. बाईंना आपल्या दुकानाचं छत आणि पंखा, एवढंच दिसत होतं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, कॅमेरा जरा खाली घेता का. या त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. तासभर त्या छताशी बोलल्या, समोर माणूस बसलंय अशा अदबीने. शेवटी म्हणाल्या, ताई, पंख्याच्या बाजूला ओल आलीय, वर कुणी राहतं का? मी चाट पडले. वर कुणी राहत नाही, गच्ची आहे, दर वर्षी गळते, असं सुरू झाले आणि घरमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच थांबले. लॅपटॉप मिटल्यावर लक्षात आलं, मी बोलायचं नाही असं ठरवून बसले होते, आणि या बाईने मला बोलतं केलं होतं.

पुढच्या वेळी पडदा बोटभर खाली घेतला. का घेतला ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही. मग कपाटाचा माथा दिसायला लागला, मग रिळांची फळी. बाई दर वेळी जे दिसेल तिथूनच सुरुवात करायच्या. निळी रिळं एवढी कशी? शाळेचे गणवेश शिवते म्हणून. शिवणं शिकवलं कुणी? आईने. असं बोलता बोलता मी कुठल्या कुठे जाऊन पोचायची. आणि मी गप्प झाले तर त्याही गप्प. एकदा मला वाटलं नेट गेलं. हॅलो हॅलो करत सुटले, तर म्हणाल्या, ऐकू येतंय, मी इथेच आहे, तुम्ही सावकाश. अगं, एवढा वेळ कुणी माझ्यासाठी नुसतं थांबलेलं मला आठवत नाही. मी जन्मभर माणसांच्या अंगावरून टेप फिरवली. कुणाचा खांदा कुठे उतरलाय ते मला लांबून कळतं. या बाईंना माझा खांदा दिसतही नव्हता, तरी कळत होता. हे एका माणसाला कसं येत असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यांची हयात हॉस्पिटलात गेली, बाळं आणि बाळंतिणींच्या वॉर्डात. आता निवृत्तीनंतर घरून काम करतात. मागे एक मांजर फिरत असतं, त्याला कुणाच्याच दुःखाचं सोयरसुतक नाही. हे मी त्यांना म्हटलं तर पोट धरून हसल्या.

मग एकदा तोंड वगळून पडदा थेट टेबलाकडे झुकवला. त्यात माझे हात तेवढे दिसत. रिकामं बसवत नाही म्हणून मी बोलता बोलता तुझ्या बाळासाठी झबलं शिवत होते. बाईंनी विचारलं, हे कुणासाठी? नातवासाठी, नाहीतर नातीसाठी, मी म्हटलं. त्या पडद्याजवळ वाकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, ताई, पुऱ्या दिवसांच्या बाळाला हे बसणार नाही हो. आमच्याकडे काचेच्या पेटीत असायची ना बाळं, त्यांना बसलं असतं.

मी झबलं उचलून पाहिलं. ते माझ्या तळहातावर मावत होतं. जिच्या कापात सुताचा फरक पडत नाही, त्या मला ते दिसलं नव्हतं. खण उघडला, तर तुझी गोड बातमी कळल्यापासून शिवलेली सगळी झबली त्याच मापाची. मी पडदा स्वतःहून वर केला, बाईंना तोंड दाखवलं आणि रडले. मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. काळ हे औषध आहे, झालं गेलं विसरा, असलं काहीही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

त्यानंतर त्या माझ्याबरोबर इथल्या हॉस्पिटलात आल्या. म्हणजे फोनवर, माझ्या कानात. आधी समोरच्या फुटपाथपर्यंत. मग दारापर्यंत. दर वेळी सांगायच्या, आज परत फिरावंसं वाटलं तर फिरू, त्यात काही बिघडत नाही. एकदा खरंच परत फिरले. काल आत गेले. रखवालदाराने पेशंट समजून खुर्ची दिली. हॉलमध्ये बसले, तो वास आला, घाम फुटला, आणि कानात बाई मला माझे पाय जमिनीवर कसे टेकलेत ते विचारत राहिल्या. मी बसून राहिले. गुडघे मात्र एकदाही दुखले नाहीत, लबाड मेले.

आता खरं ते. बटण, तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता. दिवस भरायच्या खूप आधी. सकाळी झाला, संध्याकाळी गेला. 'तुला त्रास होईल' असं म्हणून मला त्याला कुणी बघू दिलं नाही. तुझे बाबा त्याला एकटेच घेऊन गेले आणि नंतर त्यांच्या अखेरपर्यंत आम्ही दोघांनी त्याचा विषय काढला नाही. परवा तू सहज बोलून गेलीस, डॉक्टरांनी विचारलं घरात कुणाचं बाळंतपण लवकर झालं होतं का, मी 'नाही' म्हणून सांगितलं. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायचं ठरवलं. हे वाचलंस की पहिलं काम म्हणजे डॉक्टरांना सांग, हो, माझ्या आईचं. घाबरू नकोस, पण सांग. आणि मी येते आहे, तिकीट काढलंय. बाईंनी मला विचारलं होतं, तो दिसायला कसा होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्या बाळाचं तोंड मला सगळ्यांत आधी बघायचं नाही. आधी तू बघ, मग तुझा नवरा बघू दे. पण मला ते त्याच खोलीत उभं राहून बघायचं आहे. मला आत येऊ देशील ना?

तुझीच,
आई